फिरकी धरणारा

सासरा : बसा, बसा जावईबापू. आल्या आल्या तोफ डागू नका. आधी एक गोष्ट सांगतो ती ऐका, मग तुमचं ऐकतो. अशी गोष्ट आहे की चहा मागायचं विसराल. अहो, तिथं नका बसू! त्या खुर्चीला बूड नाही अजून.

जावई : मला गोष्टबिष्ट नको मामा, चहाही नको. तिला बोलवा. खाली रिक्षा थांबवून आलोय.

सासरा : द्या पाठवून रिक्षा.

जावई : का?

सासरा : का म्हणजे? सकाळपासून ही खुर्ची विणतोय, अजून पाठीपर्यंत पोचलो नाही. गोष्टही तेवढीच लांब आहे. रिक्षावाल्यानं का तिष्ठत बसावं? त्याचा काय गुन्हा?

जावई : आणि माझा काय गुन्हा? आठवडा झाला मामा! शाळेत जाते म्हणून डबा घेऊन निघाली, ती संध्याकाळी परस्पर इथं. फोन उचलत नाही. आई विचारते सून कुठाय, गल्ली विचारते, भट्टीवर पोरं विचारतात. काय सांगू त्यांना? पतंग कापला म्हणून बायको रुसून माहेरी गेली? लोक तोंडावर हसतात.

सासरा : हसू द्या की. लोकांना हसवायची हौस तुम्हालाच आहे.

जावई : म्हणजे?

सासरा : म्हणजे काही नाही. तो तुमच्या पायाखालचा वेत द्या इकडे. तो नाही हो, ओला. बादलीतला. हां.

जावई : पोरीला चार शब्द समजवायचे सोडून तुम्ही तिला फूस लावताय. बापाचं काम हे नाही.

सासरा : आता बापाचं काम तुम्ही मला शिकवा. पाव भाजता भाजता तेही शिकवतात वाटतं भट्टीवर.

जावई : तोंड सांभाळून बोला मामा.

सासरा : घर माझं, तोंड माझं, दोन्ही मीच सांभाळतो. तुम्ही गोष्ट ऐका. आम्ही जुन्या जागेत राहायचो तेव्हाची. शेजारी एक गवंडी होता. आमचं भांडण मधल्या भिंतीवरनं. तो म्हणायचा भिंत माझी, मी म्हणायचो माझी. खरं बघाल तर भिंत पडायलाच आली होती, पण भांडण असलं मजबूत, एक वीट हलेल तर शपथ! सकाळी उठला की आधी माझ्या दाराकडे बघून थुंकायचा, मग दात घासायचा. नेमाचा माणूस.

जावई : याचा माझ्या बायकोशी काय संबंध?

सासरा : कळेल. तर सरकारी सुट्टीचा दिवस. सकाळी झेंडा झाला, बँड झाला, भाषणं झाली, आणि अख्खी वस्ती चढली गच्चीवर. आभाळात मुंगी शिरायला जागा नाही, इतके पतंग. माझी फिरकी तुमच्या सासूबाई धरायच्या. त्या दिवशी ती तापानं फणफणलेली, खाली झोपून. मी एकटाच. फिरकी पायात धरलेली, दोरा निम्मा दातात. माकड दिसत असणार अगदी. आणि तशात पलीकडच्या लोहाराशी पेच लागला. ढिलेचा पेच. आता ढिलेच्या पेचात उडवणारा निम्मा आणि फिरकीवाला निम्मा. दोरा सरसर सुटत राहिला तर वाचला, जरा थांबला की कापला. हे तुम्हाला ठाऊक असेल.

जावई : मला नका शिकवू. चड्डी घालत नव्हतो तेव्हापासून उडवतोय.

सासरा : तेच म्हणतो मी, तुम्हाला ठाऊक आहे. तर पायातनं दोरा सुटतोय कुठं नीट! गेलाच माझा पतंग, असं झालं. तेवढ्यात गवंडी भिंतीवरनं उडी मारून इकडे. म्हटलं, मेलो. पतंगही गेला आणि आता मारही खातो. त्यानं काय करावं? फिरकी उचलली. तोंडानं शिव्या आणि हातानं ढील. 'मर मेल्या, घे. तुझ्या घराला आग लागो, घे अजून. तुझं तोंड बघितलं की माझा दिवस नासतो, अरे घे ना, थांबलास कशाला!' आणि फिरकी कशी फिरत होती म्हणता, गरगर गरगर, कुठं अडखळणं नाही. लोहाराचा पतंग गेला हेलकावे खात. गवंड्यानं फिरकी खाली ठेवली, आला तसा उडी मारून परत. आणि दुसऱ्या दिवशी नवी भिंत बांधायला घेतली. कुठं? माझ्या हद्दीत वीतभर आत!

जावई : संपली?

सासरा : संपली.

जावई : छान. आता तिला बोलवा.

सासरा : शेपूट राहिलं. मी त्याला विचारलं, बाबा रे, माझा पतंग जाताना बघून तुला गोड वाटलं असतं, मग आलास कशाला? तर म्हणतो, माझं वाकडं तुझ्याशी आहे. फिरकी हातात घेतली की दोर कुणाच्या हातात आहे ते बघायचं नसतं. आणि थुंकला परत. हा माझा दुश्मन, बरं का. नवरा नव्हे.

जावई : सरळ बोला ना. मी फिरकी मुद्दाम अडवली, असंच म्हणायचंय तुम्हाला.

सासरा : मी कुठं म्हटलं? तुम्ही म्हणालात.

जावई : तिनं कान भरलेत तुमचे. मामा, माझा हात बघा. हा उजवा. सुट्टीच्या आदल्या दिवशी तापलेला ट्रे लागला, तळहाताची सालटी निघाली. दोर धरणं शक्यच नव्हतं. मग कुणी दिला तिच्या हातात दोर? मीच ना? भरल्या गच्चीवर, मित्रांसमोर! कुठला नवरा देतो सांगा. इतकी वर्षं माझी फिरकी धरते, म्हटलं घे, आज तू उडव.

सासरा : उपकार झाले.

जावई : आणि उडवला तिनं, मी नाही म्हणत नाही. चार-पाच कापले असतील.

सासरा : चार-पाच? ती म्हणाली मोजायचं सोडून दिलं. आभाळ झाडून काढलं म्हणे. माझी पोर आहे ती. दोर सोडायला मी शिकवलंय तिला, याच गच्चीवर.

जावई : झालं. मग आमच्या थोरल्या दादाच्या पतंगाशी लागला पेच. समोरच्या गच्चीवर दादा. त्याला आजवर कुणी कापलेला नाही, हिलाही नाही कापता आला. मांज्यात गुंता झाला, फिरकी अडकली, पतंग गेला. एवढीच गोष्ट. माझ्या गोष्टीला शेपूट नाही.

सासरा : गुंता झाला?

जावई : झाला.

सासरा : डोळे वर करून सांगा. जमिनीवर वेताचे तुकडे पडलेत, ते मी नंतर झाडतो.

जावई : झाला म्हणून सांगितलं ना! वकील लागून गेलात काय? आणि समजा नसेल झाला. समजा चुकून लागला हात. म्हणून काय घर सोडायचं? एका कागदाच्या चिटोऱ्यापायी? आज आली नाही ना मामा, तर उद्या तिचं सामान पाठवून देतो. बसा मग बापलेक पतंग उडवत.

(आतल्या खोलीची कडी निघते.)

मुलगी : सामानात माझं शिलाई मशीन आहे. त्याचा पाय मोडकाय, जपून उतरवायला सांगा हमालाला.

सासरा : आलीस? मी म्हटलं झोपली असशील.

मुलगी : या आवाजात? खालचा रिक्षावालासुद्धा वर बघतोय, बाबा.

जावई : चल. चप्पल घाल आणि चल. तमाशा पुरे झाला.

मुलगी : तमाशा गच्चीवर झाला होता. त्या गाण्यासकट.

सासरा : कुठलं गाणं? हे मला नाही सांगितलंस.

मुलगी : विचारा तुमच्या जावयाला. पतंग गेला तेव्हा यांनी हात वर करून काय आरोळी ठोकली ते.

जावई : गंमत होती ती. सगळे हसत होते म्हणून...

मुलगी : म्हणा ना. आता बाबांसमोर म्हणा.

जावई : मला नाही आठवत.

मुलगी : मला आठवतं. 'बाईच्या हाती आला दोर, पतंग घेऊन पळाला चोर!' दोनदा म्हणालात. तिसऱ्यांदा अख्खी गच्ची म्हणाली. बाबा, मी शाळेत घंटा देते, वर्गावर्गात नोटीस फिरवते. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यातनं जातेय, आणि मागनं पोरं म्हणतात, 'बाईच्या हाती आला दोर.' आमच्याच गल्लीतली पोरं. मी वळून बघितलं की गप्प, पाठ केली की सुरू. घंटेचा टोल हातात होता, वाटलं आता कुणाला तरी देते ठेवून. एक मास्तरीणबाईपण हसल्या. त्या संध्याकाळी माझे पाय यांच्या घराकडे वळेचनात.

सासरा : हे असं केलंत? स्वतःच्या बायकोवर गाणं जुळवलंत? आणि मी येडा इथं गवंड्याच्या गोष्टी सांगत बसलोय.

जावई : पोरं चार दिवस म्हणतील आणि विसरतील. अगं, गच्चीवर हरलेल्याची टर उडवतातच! माझी नाही उडवत? दरवर्षी दादा कापतो आणि दरवर्षी मी ऐकून घेतो. तुझ्या वेळेलाच आभाळ कोसळलं होय?

मुलगी : मी हरले असते तर ऐकून घेतलं असतं. मी हरले नव्हते.

जावई : गुंता झाला तर कोण काय करणार?

मुलगी : गुंता झाला नव्हता.

जावई : तुझी पाठ होती माझ्याकडे. तुला काय दिसलं?

मुलगी : पाठ होती. मी वरच बघत होते. दादांचा पतंग वर, माझा खाली, दोरा सुटतोय, सुटतोय, आणि मला बोटाला कळत होतं की त्यांचा दोरा झिजलाय. अजून थोडी ढील, बस. मी ओरडलेसुद्धा, 'सोडा, सोडा!' आणि दोरा दगडासारखा थांबला. हे बघा माझं बोट, इथपर्यंत गेलं कापत. पतंग गेल्यावर मागं वळले तर तुमचे हात वर आणि तोंडात गाणं.

जावई : म्हणजे दिसलं नाहीच. अंदाजानं फाशी देतेस.

मुलगी : मलाही वाटलं, गुंताच असेल. देवाशप्पथ वाटलं. त्याच संध्याकाळी तुमची पट्टी बदलायला बसले. सकाळी मीच बांधली होती, पांढरी स्वच्छ. सोडायला घेतली तर तळहाताच्या बाजूला पट्टीवर मांज्याच्या गुलाबी रंगाच्या रेघा. एकीला लागून एक, एकीला लागून एक. फिरकीवर मांजा जसा गुंडाळलेला असतो ना, तश्शा. आणि खाली पट्टीला चिकटून जखमेची कातडी निघालेली. फिरकी दांड्यांना धरतात. गुंता झाला तर ती दांड्यातच अडते, मांज्याला तळहात लागायचं कारण नाही. फिरती फिरकी थांबवायची तर हात मांज्यावर दाबावा लागतो. भाजलेला हात. डावा चांगला होता, पण उजव्याचीच सवय. केवढी कळ आली असेल तुम्हाला! आणि तरी दाबून धरलीत. बाबा, मी विचार करकरून थकले. सालटं निघालेला हात कुणी फिरत्या फिरकीवर दाबतं ते कशासाठी? आपली बायको जिंकू नये म्हणून?

सासरा : पोरी, तू आत जा.

मुलगी : नाही जात.

सासरा : मग मी याला बाहेर घालतो. ऊठ रे. ऊठ! मघापासून अहोजाहो करतोय. माझा गवंडी बरा तुझ्यापेक्षा, थुंकायचा तरी समोर येऊन.

मुलगी : बाबा, थांबा. त्यांना बोलू दे. मी आठवडाभर याचसाठी थांबलेय.

जावई : काय बोलू?

मुलगी : दाबली की नाही?

जावई : दाबली.

सासरा : बघ! बघ कसा...

मुलगी : बाबा! का दाबली?

जावई : तुला नाही कळणार.

मुलगी : सांगून तर बघा. मी काही कच्ची नाही गणितात.

जावई : सगळे तुझ्या नावानं ओरडत होते. आई टाळ्या वाजवत होती. माझी आई! माझ्यासाठी तिनं कधी गच्चीचा जिना चढला नाही. मित्र म्हणाले, ए फिरकीवाल्या, मालकिणीला पाणी दे. त्याचंही काही नव्हतं. हसलो मी. पण मग दादाचा पतंग आला.

मुलगी : मग?

जावई : मी सहा-सात वर्षांचा असल्यापासून दादा माझा पतंग कापतोय. दर सुट्टीला. कापून झाला की काही बोलत नाही, नुसता असा मान हलवतो. लहानपणी माझ्या पतंगाच्या काड्या सोलून द्यायचा, त्याही मुद्दाम एक जाड एक बारीक. मोठा झालो, वाटलं आज कापीन, पुढल्या वर्षी कापीन. नाहीच. भट्टीवर लागलो तर म्हणाला, तिथं तरी नीट उडव. आणि त्या दिवशी मला दिसत होतं. मीही बघतच होतो वर. त्याचा दोरा झिजलेला मलाही कळला. आयुष्यात पहिल्यांदा दादाचा पतंग खाली येणार होता, आणि माझ्या हातून नाही. तुझ्या.

मुलगी : आपल्या.

जावई : काय?

मुलगी : आपल्या हातून आला असता. फिरकी कुणाकडे होती? तुमच्या आई टाळ्या कुणासाठी वाजवत होत्या? आपल्या गच्चीसाठी. मी इतकी वर्षं तुमची फिरकी धरली. तुम्ही एक पतंग कापलात की मी घरी येऊन शाळेतल्या बायकांना फोन करून सांगायचे, आज आम्ही कापला. आम्ही. कधी वाटलं नाही की मी नुसती मागं उभी होते. तुम्हाला एकदा मागं उभं राहावं लागलं तर हात भाजून घेतलात.

जावई : चुकलं माझं. झालं? आता चल.

सासरा : 'झालं?' म्हणे. असं म्हणतात का रे चुकलं? किराणा घेतल्यासारखं?

जावई : मग काय पाया पडू? मामा, तुम्ही जरा गप्प बसाल का? सगळं ओकलो मी तुमच्यासमोर. अजून काय नाक घासू?

मुलगी : माझ्यासमोर नका घासू. मला तर त्या संध्याकाळीच कळलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.

जावई : कुणाला?

मुलगी : दादांना.

जावई : वेडी झालीस?

मुलगी : दादा भेटेल त्याला सांगतायत, धाकट्याच्या बायकोला धडा शिकवला. त्यांना सांगा, 'तो पतंग तू कापलाच नाहीस. फिरकी मी दाबून धरली. ही जिंकत आली होती.'

जावई : तो मला जन्मभर सोडणार नाही. गावभर करेल.

मुलगी : करू दे. माझं झालंच की गावभर.

जावई : दुसरं काहीही सांग. पुढल्या सुट्टीला अख्खा दिवस तू उडव, मी फिरकी धरतो. गाणं म्हणणाऱ्या एकेका पोराचा कान पिरगाळतो. शाळेत येऊन पिरगाळतो. पण दादाला नको.

मुलगी : पोरांचे कान कशाला? गाणं त्यांनी नाही रचलं.

सासरा : जमत नसेल तर दार उघडंच आहे. मशीन मी स्वतः येऊन घेऊन जाईन, हमाल नको.

जावई : आणि केला फोन तर येशील? आत्ता, माझ्याबरोबर?

मुलगी : नाही.

जावई : मग कशाला करू?

मुलगी : केलात तरी आज येणार नाही. मला तुमच्या मागं उभं राहायला, पुढं उभं राहायला, दोन्हीला थोडा वेळ लागेल. पण नाही केलात तर कधीच येणार नाही. हे मी रागानं बोलत नाहीये. आठवडाभर बाबांच्या खुर्च्यांना पॉलिश मारता मारता ठरवलंय.

सासरा : कुठलीच खुर्ची धड झाली नाही, ते वेगळं.

मुलगी : बाबा.

सासरा : गप्प बसलो.

जावई : आत्ता दुकानात असेल तो. गिऱ्हाइकं असतील समोर.

मुलगी : असू देत.

जावई : काय म्हणू सुरुवातीला?

मुलगी : ते मी नाही सांगणार. शब्द तुम्हाला चांगले जुळवता येतात.

जावई : मामा, तुम्ही तरी जरा आत जाल?

सासरा : अर्धी वीण टाकून उठलो तर वेत वाळतो. मी बहिरा आहे असं समजा.

जावई : लागला. वाजतोय... हॅलो, दादा? मी... हो, मीच... नाही, इकडे आलोय, हिच्या माहेरी... अरे ऐक ना, ते सुट्टीच्या दिवशीचं... तो पेच लागला होता ना...

मुलगी : पुटपुटू नका. नेहमीच्या आवाजात बोला.